हत्यारांची हजेरी

४ तारीख, मंगळवार

सगळं बदललं ते आज दुपारी, चार वाजून दहा मिनिटांनी. घड्याळाकडे पाहिलं होतं म्हणून नक्की सांगतो.

मी लाकडाच्या भुश्शात उभा. नाकाला रुमाल, डोक्यावर मामाची फाटकी टोपी, हातात झाडू. आयुष्यातला सगळ्यात महत्त्वाचा क्षण असा अवतार बघून येतो, हे कुणी आधी सांगितलं असतं तर निदान टोपी काढली असती. दारात ती उभी होती. खांद्याला पिशवी, हातात जाड वही.

"मिस्त्री आहेत का?"

"मीच," मी म्हणालो. का म्हणालो, देव जाणे.

मागून मामा म्हणाला, "तो कॉलेज आहे. मिस्त्री मी."

मामा मला 'कॉलेज' म्हणतो. येऊन आठच दिवस झालेत, पण पहिल्या दिवसापासून हेच नाव. कॉलेज अर्ध्यात सोडून आलो ना मी. त्यातही माझी चूक नव्हती. सरांशी वाद झाला, मी जर्नल टेबलावर आपटलं, ते चहाच्या कपावर पडलं आणि चहा सरांच्या शर्टावर. माफी माग म्हणाले. नाही मागितली. आई म्हणाली, "मग जा मामाकडे, लाकडावर आपट काय आपटायचं ते."

ती जुन्या वस्तूंच्या संग्रहालयातून आली होती. जुन्या कामधंद्यांची एक भिंत उभी करताहेत म्हणे. हत्यारं मांडणार, खाली त्यांची नावं. नावंच मिळत नाहीत, लोक सगळ्याला 'मशीन' म्हणतात, असं ती म्हणाली आणि हसली. एका गालावर खळी. डाव्या.

मामाच्या भिंतीवर एकवीस हत्यारं खिळ्यांना टांगलेली आहेत. तिनं नेमकं एकावर बोट ठेवलं. लाकडाची उभी दांडी, टोकाला लोखंडी अणी, आणि दांडीला वेढा दिलेल्या दोरीचा एक धनुष्यासारखा गज. गज पुढेमागे ओढला की दांडी गरगर फिरते आणि लाकडाला बारीक भोक पडतं.

"याला काय म्हणतात, काका?"

मामानं ते हातात घेतलं. उलटसुलट पाहिलं. "हे होय? हे आपलं... तेच ते."

"म्हणजे नाव काय?"

"नावाचं काय घेऊन बसलात. काम बघा." आणि पातळ फळीला असं सुरेख भोक पाडलं की फळीला तडा नाही, काही नाही. मग चहा आणतो म्हणून बाहेर गेला. समोर भरलेला ग्लास वाफाळत होता.

तिचं पेन हवेतच राहिलं होतं. मला ते पेन तसं अधांतरी बघवेना.

"भोवरकाठी," मी म्हणालो.

"काय?"

"भोवरकाठी. भोवऱ्यासारखी फिरते ना."

"अगं बाई, किती गोड शब्द!" तिनं लिहून घेतला आणि खाली रेघ मारली. दोन रेघा.

आता रात्री अंथरुणावर पडून विचार करतोय की ही थाप झाली की शोध? प्रत्येक शब्द कुणीतरी पहिल्यांदा उच्चारलाच असेल ना?

५, बुधवार

मला बढती मिळाली! किंवा शिक्षा. नक्की कळत नाही.

मामाकडे रोज संध्याकाळी हत्यारांची हजेरी होते. दुकान बंद करण्याआधी मामा एकेक नाव पुकारतो, मी त्या हत्याराला हात लावून "आहे" म्हणायचं. मामाच्या उस्तादांची ही पद्धत. एकदा त्यांची पटाशी कपाटात राहून गेली, कपाटाबरोबर गिऱ्हाइकाच्या घरी पोचली आणि तिथल्या पोराच्या पायाचं बोट कापलं. तेव्हापासून हजेरीशिवाय दार लागत नाही. सगळ्यात शेवटी पुकारा होतो, "बोटं?" मी दोन्ही पंजे वर करून "दहा" म्हणतो. मामा स्वतःचा पंजा बघतो. "साडेनऊ." डाव्या हाताची तर्जनी अर्धी आहे. हा विनोद तो रोज करतो आणि रोज स्वतःच हसतो.

आज म्हणाला, "आजपासून तू पुकार. मी आहे म्हणतो."

आठ दिवस मी हजेरीच्या वेळी कुठे बघत होतो कोण जाणे. करवत, रंधा, पटाशी, वाकस, गुण्या, कानस, गिरमिट, मोगरी. हातोडे-बितोडे धरून बारापर्यंत पोचलो आणि गाडी अडली.

"पुढे?" मामानं विचारलं.

"तू सांग ना."

"मी का सांगू? कॉलेजात काय शिकवलं मग?" भिंतीकडे बराच वेळ पाहत राहिला. म्हणाला, "आज एवढंच."

बाकीची नऊ बिचारी हजेरीविना झोपली. मामी असती तर असं होऊ दिलं नसतं. ती परवापासून बहिणीकडे गेली आहे, बहिणीचं ऑपरेशन आहे. ती असते तेव्हा हजेरी चालू असताना तिचं आतून मध्येच काहीतरी असतं. "अहो, कानशीला गंज चढलाय का बघा!" "गिरमिट पुसलं का?" भिंतीपलीकडे स्वयंपाकघरात बसून हिला कानशीची काळजी कशाला?

७, शुक्रवार

ती आली. आठवड्याने येणार होती, तिसऱ्याच दिवशी आली!! याचा अर्थ मी काढायचा नाही तर कुणी काढायचा?

स्कूटरवर एकजण सोडून गेला. भाऊ असावा. तिच्यासारखंच नाक आहे.

दोन तास मामाजवळ बसली. मामा काम दाखवतो भरभरून. सांधा कसा घट्ट बसवायचा, लाकडाची नस कशी ओळखायची. नाव विचारलं की बहिरा होतो. "ते दे रे... ते, चपटं." मी पटाशी देतो. "हां." हा काय प्रकार आहे? एवढा कंजूष माणूस मी बघितला नाही. शब्दाला काही लाकूड लागत नाही, खिळे लागत नाहीत.

जाताना ती म्हणाली, "बाकीच्या हत्यारांची नावं मला इतर मिस्त्रींकडे मिळाली. पण भोवरकाठी कुणाकडेच नाही. फक्त तुमच्याकडे."

मी झाडू उचलून झाडलेलाच कोपरा परत झाडला. मग म्हटलं, 'तुमच्याकडे' म्हणाली. 'तुमच्या'कडे.

१०, सोमवार

फोटो काढायचे म्हणून तिनं चिठ्ठ्या आणल्या. प्रत्येक खिळ्याखाली हत्याराचं नाव. मी मोठ्या ठळक अक्षरात लिहिली. अक्षर माझं चांगलं आहे, ते सरसुद्धा नाकारत नव्हते. चौदाव्या खिळ्याखाली 'भोवरकाठी' लिहिताना हात जरा थांबला. ती शेजारी गोंद घेऊन उभी होती. लिहिलं.

मला वाटलं मामा भडकेल. भिंतीला साधा डाग पडला तर आकाशपाताळ एक करतो. पण तो चिठ्ठ्यांसमोर उभा राहिला, एकेक बोटानं चाचपली आणि म्हणाला, "राहू दे. फोटो झाले तरी राहू दे."

संध्याकाळी हजेरी परत स्वतःकडे घेतली! एकवीसच्या एकवीस, धडाधड. भोवरकाठीसुद्धा. मला चिडवण्यासाठी मुद्दाम जोरात म्हणाला असणार. म्हणजे माझी थाप त्यानं ओळखली, आणि तिच्यासमोर माझी लाज राखली. मामा माणूस बरा आहे. पण मग मला पदावरून का उतरवलं?

१२, बुधवार

मामी काल परत आली. हजेरी ऐकून स्वयंपाकघराच्या दारात आली, हातात उलथनं तसंच. पूर्ण हजेरी होईपर्यंत उभी. मध्ये एकदा कपाळाला आठी पडली. मग आत गेली.

नंतर माझ्या ताटात दोन पोळ्या जास्त वाढल्या. "तुझ्या चिठ्ठ्यांनी माझा घसा वाचवला रे, राजा."

"घसा? तुला सर्दी झाली होती?"

पोळीवर तूप सोडलं. मग म्हणाली, "जेव."

या घरात सरळ उत्तर द्यायची चाल नाही.

१४, शुक्रवार

आज मी राक्षसासारखा वागलो. पण चूक कुणाची, ते नीट लिहून ठेवतो.

ती आवाज टिपायचं यंत्र घेऊन आली होती. मामाला म्हणाली, "काका, तुम्ही शिकायला लागलात तेव्हाचं सांगा. उस्ताद काय म्हणायचे, कुठली वस्तू कशी मागायचे." मामा सांगायला लागला. छान सांगत होता. आणि मग, "उस्ताद म्हणायचे, आण ते..." आणि थांबला. यंत्राचा लाल दिवा चालू. ती वाट बघतेय. मामाचा हात हवेत काहीतरी धरल्यासारखा.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "लपवून काय मिळणार आहे तुला? मेल्यावर नावं बरोबर बांधून नेणार आहेस का?"

मामानं हात खाली घेतला. मांडीवर पुसला. उठला आणि मागच्या अंगणात जाऊन रचलेल्या फळ्या परत रचायला लागला. त्या सकाळीच रचल्या होत्या.

तिनं यंत्र बंद केलं. माझ्याकडे पाहिलं, डोळे भरलेले. म्हणाली, "तुम्हाला खरंच काही दिसत नाही का?"

दिसतं की. मला दिसत नाही तर कुणाला? पण भरल्या डोळ्यांनी विचारावं म्हणजे... मी रात्रभर जागा आहे. ती इतके दिवस बोलत नव्हती, आज बोलली. मी काय उत्तर दिलं? "दिसतं." एवढंच. गाढव आहे मी.

मामाची माफी मागायला गेलो होतो. शब्द तोंडाशी आले. म्हणालो, "फळ्या देऊ का उचलून?" म्हणाला, "दे."

१९, बुधवार

पाच दिवसांनी आली. मी नवा शर्ट घातला होता. 'दिसतं' या विषयावर पुढे काहीच बोलली नाही. उलट तिच्या आजोबांबद्दल बोलली. "आमच्या आजोबांचं असंच होतं. शेवटी शेवटी आजीलासुद्धा 'अहो बाई' म्हणायचे. आजी 'ओ' द्यायची."

"कडक असतील," मी म्हणालो.

ती माझ्याकडे इतका वेळ बघत राहिली की मी शर्टाची बटणं तपासली.

२२, शनिवार

मामानं ते हत्यार संग्रहालयाला दिलं. उस्तादांनी दिलेलं, चाळीस वर्षांचं. तिनं मागितलंसुद्धा नव्हतं. दांडीवर मामाचा अंगठा बसून बसून खळगा पडलाय, त्यात त्यानं शेवटचा एकदा अंगठा बसवून पाहिला. म्हणाला, "इथे राहिलं तर हरवेल. तिथे कुणीतरी नाव लिहून ठेवेल."

तिनं दोन्ही हातांनी घेतलं. मग मला बाजूला बोलावून म्हणाली, "एक गंमत सांगते. ही आमच्या भिंतीच्या बरोबर मधोमध लागणार. पितळी पाटी करायला टाकलीय. एकोणतीसला उद्घाटन. काकांना घेऊन यायचं हं."

"पाटीवर काय लिहिलंय?"

"काय म्हणजे? भोवरकाठी!"

बोलायला हवं होतं तेव्हाच. खळी होती समोर. नाही बोललो.

मग ठरवलं की मामाला खरं नाव विचारायचं, तिला गुपचूप कळवायचं, 'आमच्यात दोन्ही चालतं' म्हणायचं. साप मरेल, काठी मोडणार नाही. भोवरकाठीसुद्धा.

२४, सोमवार

माझं डोकं चालेनासं झालंय.

हजेरीत मामा चौदाव्या खिळ्याशी आला. खिळा रिकामा. तरी पुकारलं, "भोवरकाठी?"

"गैरहजर. संग्रहालयात," मी म्हणालो. दोघं हसलो. वाटलं, हीच वेळ. "मामा, पुरे झालं आता. मी चुकलो. खरं नाव सांग ना."

"कशाचं?"

"भोवरकाठीचं."

"भोवरकाठीचं नाव भोवरकाठी. अजून काय असणार?"

"अरे, ते मी..."

"उस्तादांनी पहिल्या दिवशी माझ्या हातात दिली. तुझ्याहून लहान होतो मी. म्हणाले, ही भोवरकाठी. हिला जोर नाही लागत, लय लागते." डोळे असे चमकत होते की काय सांगू. "मला तर आवाजसुद्धा आठवतो त्यांचा."

हा शब्द मी केलाय. मी! चार तारखेला, चार वाजून दहा मिनिटांनी! चाळीस वर्षांपूर्वी उस्ताद तो कुठून आणणार? मामा माझी फिरकी घेतोय का? तर मग तोंडावर हसू का नव्हतं? का माझ्या डोक्यात हा शब्द कुठून तरी आपोआप आला, आणि तो खराच निघाला? लोकांच्या बाबतीत असं होतं का?

उद्या बघतोच. सगळ्या चिठ्ठ्या काढून टाकतो. बघू मग कसा डाव खेळतो.

२५, मंगळवार

काढल्या.

मामा हजेरीला उभा राहिला. भिंतीकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं नाही.

"करवत?"

"आहे."

"रंधा?"

"आहे."

मग थांबला. तिसरं हत्यार समोर होतं, पटाशी. अख्ख्या जन्मात तिनं त्याच्या हाताला घट्टे पाडलेत. त्यानं हात पुढे केला, तिला स्पर्श केला, जसा आंधळा माणूस तोंड चाचपतो तसा. ओठ हलले. काही आलं नाही. घाम फुटला होता. मी हात बांधून उभा होतो. आता म्हणेल, आता म्हणेल. मिनिट गेलं असेल. मामा म्हणाला, "कॉलेज, त्या चिठ्ठ्या कुठे रे?" आणि हे त्यानं रागानं विचारलं नाही. भीत भीत विचारलं. मामानं! मला!

तेव्हा भिंतीपलीकडून मामीचा आवाज आला.

"पटाशी."

मामा म्हणाला, "पटाशी?"

माझ्या तोंडून निघालं, "आहे."

"वाकस."

"वाकस?"

पोळी लाटण्याचा आवाज थांबला नाही. एक लाटणं फिरायचं, एक नाव यायचं. मामी आतून, मामा मागोमाग, मग मी. जिनं एकाही हत्याराला कधी हात लावला नाही, ती पुढची नावं ओळीनं म्हणत गेली, एकदाही अडखळली नाही. तेरा झाली.

"सामता," मामी म्हणाली.

"सामता?" मामा म्हणाला. खिळा रिकामा होता.

मला "आहे" म्हणता येईना.

रात्री मामी भांडी घासत होती. मी शेजारी पुसायला बसलो. तिनं वर न बघताच सांगितलं. दोन वर्षं झाली. आधी गिऱ्हाइकांची नावं गेली, मग रस्ते, आता हत्यारं. डॉक्टर म्हणतात, हात शेवटी विसरतील. "तीस वर्षं भिंतीपलीकडून हजेरी ऐकतेय. पाठ झाली. अडले की आतून काहीतरी निमित्त काढून ओरडायचं. त्यांना कळतं, मला कळतं, कुणी बोलत नाही."

"मग भोवरकाठी ऐकलीस तेव्हा का नाही बोललीस?"

"वीस बरोबर येत होती रे. माणूस ताठ उभा राहून पुकारत होता. एकासाठी कुठे अडवू?"

मी म्हणालो, "मामी, मी मारून टाकायच्या लायकीचा आहे."

"ते नंतर बघू. आधी ती कढई पूस."

मग आपणहून म्हणाली, "तुला कोणीतरी सांगायला हवं म्हणून सांगते. तो स्कूटरवाला भाऊ नाही तिचा. लग्न ठरलंय त्यांचं."

"पण नाक..."

"नाकाचं काय घेऊन बसलास."

२८, शुक्रवार

दोन दिवस काही लिहिलं नाही, कारण दोन दिवस मी फक्त घाबरत होतो.

हिशेब सरळ आहे आणि तरी सुटत नाही. गप्प बसलो तर उद्या पाटी लागेल, कुणाला काही कळणार नाही, ती मला शब्दांचा जाणकार समजत राहील. मामासुद्धा खूश असेल, कारण त्याच्या डोक्यात आता उस्ताद भोवरकाठीच म्हणतात. मी त्याच्या उस्तादांच्या तोंडात शब्द घातला. तो परत काढला तर त्यांचा आवाजसुद्धा जाईल का? हे कुणाला विचारायचं असतं? कॉलेजात तर नक्की नाही.

पण मामीच्या नंतर सामता म्हणणारं कुणी उरणार नाही. ती तर कधीच सरळ म्हणत नव्हती, निमित्तानं म्हणायची.

संग्रहालय सहाला बंद होतं, त्याआधी तिला गाठायचं. आज सगळ्या चिठ्ठ्या परत चिकटवल्या. चौदावी नवी लिहिली. मग साडेचारलाच मामाला म्हटलं, "हजेरी घेऊ या."

"एवढ्या लवकर? कुठे पळायचंय, कॉलेज?"

"आज मी पुकारतो. तू आहे म्हण."

स्वयंपाकघरातली खुडबुड थांबली. मी पुकारत गेलो. मामा हात लावत गेला. कुठे न बघता बोटं बरोबर जागी. चौदाव्याला मी म्हणालो, "सामता?"

मामा रिकाम्या खिळ्याशी थांबला. चिठ्ठी वाचली. हळूच, चव घेतल्यासारखं म्हणाला, "सामता... ओळखीचं वाटतं रे कुणीतरी."

"आहे म्हण, मामा."

"आहे," तो म्हणाला.

एकविसावं झालं. "बोटं?"

त्यानं पंजा वर केला, बघितला, आणि हसला. "साडेनऊ. तुझी?"

"दहा."

"मग जा. पण दार नीट ओढ, बिजागरी सैल झालीय."

चौदा तारखेची माफी राहिली होती. ती मागितली. तो म्हणाला, "कसली?" आणि मला कळेना की त्याला आठवत नाही, की तो तसं दाखवतोय. हे आता कधीच कळणार नाही.

जुनी चिठ्ठी खिशात आहे. तिला काय सांगायचं ते पाठ केलंय, पहिल्या वाक्याच्या पुढे जात नाही. 'मी थाप मारली होती.' ती मला काय म्हणेल ते म्हणू दे. तो स्कूटरवाला शेजारी असला तरी त्याच्यादेखत सांगायचं.

ही ओळ उंबऱ्याबाहेर उभा राहून लिहितोय, वही दाराच्या फळीवर टेकवून. आत मामी काहीतरी म्हणाली, मामा हसला. मी दार ओढून घेतलंय. सैल बिजागरीकडून वर उचलून, मामानं सांगितलं तसं. लागलं.